जांभळी आणि गुलाबी रंगद्रव्ये : चित्रकारांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चित्रकाराच्या पेटीत सर्वांत लवकर विटणारे आणि ज्यांच्याविषयी सर्वाधिक गैरसमज आहेत असे रंग म्हणजे जांभळे आणि गुलाबी. जलरंग, तैलरंग आणि ॲक्रिलिक या माध्यमांत काम करणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. रंगद्रव्यांची संकेताक्षरे देवनागरीत दिली आहेत : ‘पीव्ही’ म्हणजे जांभळे रंगद्रव्य आणि ‘पीआर’ म्हणजे लाल रंगद्रव्य. गुलाबीसाठी वेगळे संकेताक्षर नाही. त्याची गणना लालांत किंवा जांभळ्यांत केली जाते.

ट्यूबवर रंगाचे नाव ठळक छापलेले असताना संकेतांक वाचण्याची गरज काय?

नाव हे विक्रीसाठी असते आणि संकेतांक हा पदार्थासाठी असतो. ‘मोव्ह’, ‘रोझ’, ‘मॅजेंटा’, ‘पर्पल लेक’ ही नावे कोणत्या पदार्थाला द्यावीत यावर कोणाचेही बंधन नाही, त्यामुळे एकाच नावाच्या दोन ट्यूबांत दोन पूर्णपणे निराळे पदार्थ असू शकतात. त्यांपैकी एक शंभर वर्षे टिकेल आणि दुसरा येत्या दिवाळीपर्यंत फिका पडेल. आपल्याकडे आमसुली, कुसुंबी, डाळिंबी, अंजिरी, अबोली, राणी अशी किती सुरेख नावे आहेत. पण साडीच्या दुकानात ती जेवढे सांगतात तेवढेच रंगाच्या दुकानात ‘मोव्ह’ सांगतो, म्हणजे फक्त छटा.

संकेतांक मात्र ‘कलर इंडेक्स’ या आंतरराष्ट्रीय सूचीतला असतो आणि तो एका निश्चित रासायनिक पदार्थाकडे बोट दाखवतो. पीव्ही १९ म्हणजे क्विनॅक्रिडोन, पीव्ही २३ म्हणजे डायॉक्झाझिन, पीव्ही १४ म्हणजे कोबाल्ट फॉस्फेट, पीव्ही १५ म्हणजे अल्ट्रामरीन व्हायोलेट आणि पीव्ही १६ म्हणजे मँगनीज व्हायोलेट. ‘एनआर’ने सुरू होणारा संकेत नैसर्गिक लाल रंगाचा असतो. ‘बीव्ही’ने सुरू होणारा संकेत दिसला की सावध व्हावे, कारण तो रंगद्रव्याचा नसून विरघळणाऱ्या रंजकाचा असतो. नावापुढे ‘ह्यू’ असा शब्द असेल तर मूळ पदार्थ वापरलेला नसून त्याची छटा दुसऱ्या पदार्थांनी साधली आहे असे समजावे. तसे करण्यात फसवणूक नसते. उलट कित्येकदा नक्कल मूळ पदार्थापेक्षा अधिक टिकते. ज्या ट्यूबवर कोणताच संकेतांक नाही, ती सरावापुरतीच वापरावी.

रंजक आणि रंगद्रव्य यांत फरक काय? आणि ‘लेक’ म्हणजे काय?

रंजक पाण्यात किंवा अन्य द्रवात विरघळतो, तर रंगद्रव्य विरघळत नाही आणि त्याचे बारीक कण बंधकात, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या गोंदात किंवा तेलात, तरंगत राहतात. विरघळणारा रंजक तुरटीसारख्या क्षाराच्या साहाय्याने एखाद्या रंगहीन भुकटीवर बसवला की जो पदार्थ तयार होतो त्याला ‘लेक’ म्हणतात. इंग्रजीतला हा शब्द आपल्या ‘लाक्षा’ अर्थात लाखेपासूनच गेलेला आहे, तळ्याशी त्याचा काही संबंध नाही. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत जगातले बहुतेक गुलाबी आणि जांभळट लाल रंग लेकच होते, आणि पुढच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर यातच आहे.

गेरू शेकडो वर्षे टिकतो, मग गुलाबी आणि जांभळे रंगच का उडतात?

गेरू, पिवडी किंवा काव हे लोहाचे ऑक्साइड आहेत. सूर्यप्रकाश त्यांचे काही बिघडवू शकत नाही, कारण ते मुळात उन्हातान्हात पडलेले खनिजच असतात. शुद्ध गुलाबी किंवा तेजस्वी जांभळे असे खनिज मात्र निसर्गात जवळजवळ मिळत नाही. त्यामुळे चित्रकारांना मंजिष्ठ, लाख, कोशिनील किडे यांपासून मिळणाऱ्या आणि पुढे डांबरापासून बनवलेल्या कार्बनी रंजकांकडे वळावे लागले. या रेणूंचा रंग ज्या दुहेरी बंधांच्या साखळीमुळे दिसतो, तीच साखळी प्रकाशाची ऊर्जा आणि हवेतला प्राणवायू मिळून तोडतात. साखळी तुटली की रेणू उरतो, पण रंग उरत नाही.

दुसरे कारण वापराच्या पद्धतीत आहे. गुलाबी रंग आपण सहसा पातळ किंवा पांढऱ्यात मिसळून लावतो. जाड थरात वरचे कण उडाले तरी खालचे कण रंग राखतात. पातळ थरात राखायला कोणीच नसते. एकच रंग ट्यूबमधून जसाच्या तसा लावल्यास टिकतो आणि त्याचीच फिकट छटा उडून जाते, ती यामुळे.

याची उदाहरणे थोरामोठ्यांच्या चित्रांतच आहेत. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने १८८८ च्या ऑक्टोबरमध्ये आर्ल येथे आपल्या शयनगृहाचे चित्र काढले तेव्हा भिंती फिकट जांभळ्या असल्याचे त्याने पत्रात लिहिले होते. आज त्या निळ्या दिसतात, कारण निळ्यात मिसळलेला लाल रंग उडाला. मे १८९० मध्ये त्याने काढलेल्या गुलाबांच्या चित्रांतले गुलाब आता जवळजवळ पांढरे आहेत आणि आयरिसची जांभळी फुले निळी झाली आहेत. तो इओसिन या रंजकाचा लेक वापरत असे, आणि इओसिन हा प्रकाशापुढे अत्यंत दुबळा पदार्थ आहे. रेन्वारने १८८३ मध्ये काढलेले मादाम क्लापिसों यांचे व्यक्तिचित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. त्याची चौकट काढल्यावर, चौकटीच्या कडेखाली झाकलेल्या पट्टीत मूळचा तळपता लाल रंग जसाच्या तसा सापडला, आणि उरलेली पार्श्वभूमी किती थंड व फिकी झाली आहे ते तेव्हा कळले. तो कोशिनीलचा लेक होता.

क्विनॅक्रिडोनची एवढी स्तुती का केली जाते?

कारण या गटाने गुलाबी रंगाची शेकडो वर्षांची अडचण सोडवली. हा रेणू १९३५ मध्ये प्रयोगशाळेत तयार झाला होता, पण त्याचे रंगद्रव्य म्हणून महत्त्व ओळखून ड्युपॉन्ट कंपनीने तो १९५८ मध्ये बाजारात आणला, आणि तोही मुख्यतः मोटारींच्या रंगासाठी. रोज उन्हात उभ्या राहणाऱ्या मोटारीला जो रंग चालतो, तो घरातल्या चित्राला चालणारच.

या पदार्थाचे एक वैशिष्ट्य सांगण्याजोगे आहे. क्विनॅक्रिडोनचा रेणू लहान आहे आणि एकेकटा, द्रावणात, तो पिवळट-नारिंगी दिसतो. घन स्फटिकात मात्र हे रेणू शेजारच्या रेणूंना हायड्रोजन बंधांनी घट्ट धरतात, आणि या एकत्र बांधणीमुळेच त्यांना तांबडा-जांभळा रंग येतो, ते कशातही सहज विरघळत नाहीत आणि प्रकाशापुढे टिकतात. बांधणीची पद्धत बदलली की रंग बदलतो. म्हणून पीव्ही १९ हा एकच संकेतांक जांभळट रंगाच्या ट्यूबवरही असतो (बीटा स्फटिक) आणि गुलाबी-लाल ट्यूबवरही असतो (गॅमा स्फटिक). विद्यार्थी याला छपाईची चूक समजतात, पण ती चूक नाही.

पीआर १२२ हा याच कुळातला, छपाईतल्या मॅजेंटाच्या जवळचा रंग आहे. तो उत्तम आहे, पण अतिशय पातळ जलरंगात तो पीव्ही १९ इतका खात्रीचा मानू नये. पीआर २०२, पीआर २०६ आणि पीआर २०९ हेही याच गटातले आहेत. सर्व क्विनॅक्रिडोने पारदर्शक, रंगशक्तीने प्रबळ आणि कागदाला बऱ्यापैकी डाग धरणारी असतात. तैलरंगात ती सावकाश वाळतात. सुरक्षिततेच्या दृष्टीने त्यांच्याविषयी विशेष चिंतेचे काही नाही, कारण जो पदार्थ विरघळतच नाही तो शरीरात शोषला जाण्याची शक्यताही कमी असते.

‘ऑपेरा’ नावाचा झगझगीत गुलाबी रंग वापरावा का?

छापण्यासाठी चित्र काढत असाल आणि मूळ चित्र अंधारात ठेवणार असाल, तर खुशाल वापरावा. भिंतीवर लावायच्या चित्रात वापरू नये.

या रंगात सामान्यतः पीआर १२२ असते आणि त्याच्या जोडीला ऱ्होडामिन गटातला एक चकाकणारा रंजक असतो, ज्याचा संकेत बीव्ही १० किंवा बीव्ही ११ असा दिलेला आढळतो. हा रंजक अदृश्य अतिनील किरण आणि हिरवा प्रकाश शोषून तो गुलाबी प्रकाशाच्या रूपाने परत फेकतो, म्हणून तो कागदापेक्षाही उजळ भासतो. ही झगझग टिकत नाही. बोगनवेलीचे एक चित्र मी हौसेने याच रंगात केले आणि दिवाणखान्यात लावले. दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत फुलांची झळाळी जाऊन मागे पीआर १२२ चा सपक गुलाबी तेवढा उरला, आणि फुलांच्या कडा, जिथे रंग अगदी पातळ होता, त्या कागदात मिसळून गेल्या. चूक उत्पादकाची नव्हती, त्याने ट्यूबवर संकेत स्पष्ट छापला होता.

ट्यूबवर काही लिहिलेले नसेल तर एक सोपी चाचणी आहे. दुकानात नोटा तपासण्यासाठी जो जांभळा दिवा असतो, त्याखाली वाळलेला रंग धरावा. तो भडकपणे चमकला तर त्यात चकाकणारा रंजक आहे असे समजावे. (अस्सल मंजिष्ठेचा लेकही या दिव्याखाली नारिंगीसर चमकतो, पण त्याची चमक इतकी प्रखर नसते.)

डायॉक्झाझिन जांभळा विश्वासार्ह आहे का?

पीव्ही २३ हा बाजारातला सर्वांत गडद आणि सर्वांत प्रबळ जांभळा आहे; ट्यूबमधला टिपका जवळजवळ काळा दिसतो आणि मोहरीएवढा रंग वाटीभर पांढऱ्याला जांभळे करून टाकतो. त्याच्या टिकाऊपणाविषयी मात्र एकच उत्तर देता येत नाही. जाड थरात, तैल किंवा ॲक्रिलिक बंधकात तो चांगला टिकतो. जलरंगातल्या फिकट छटांत तो निळसर होत जातो किंवा उडतो, आणि हा फरक उत्पादकागणिकही बदलतो. स्वतःच्या ट्यूबची चाचणी घेतल्याखेरीज मी त्यावर विसंबणार नाही. पीव्ही ३७ हा त्याच गटातला थोडा निराळा रंग आहे.

‘डायॉक्झाझिन’ हे नाव ऐकून ते ‘डायऑक्सिन’ या कुप्रसिद्ध विषाचेच रूप असावे असे काहींना वाटते. ते दोन वेगळे पदार्थ आहेत. पीव्ही २३ बनवण्यासाठी क्लोरानिल नावाचे रसायन लागते आणि जुन्या पद्धतीने बनवलेल्या क्लोरानिलमध्ये डायऑक्सिनचे अंश अशुद्धी म्हणून राहत असत, एवढाच धागा या दोघांत आहे. पुढे क्लोरानिल बनवण्याची पद्धत बदलून हे प्रमाण खूप खाली आणले गेले.

कोबाल्ट व्हायोलेटमध्ये आर्सेनिक असते का?

आज मान्यवर उत्पादकांकडून मिळणाऱ्या ट्यूबमध्ये नसते. पीव्ही १४ हे कोबाल्टचे फॉस्फेट आहे, आणि पीव्ही ४९ हे कोबाल्ट-अमोनियमचे फॉस्फेट असून ते जरा गुलाबीकडे झुकते. फॉस्फेटचा हा प्रकार १८५९ च्या सुमारास फ्रान्समध्ये साल्वेता या रसायनतज्ज्ञाने तयार केला. त्याआधी, आणि त्यानंतरही बराच काळ, कोबाल्ट आर्सेनेट या जहाल विषारी पदार्थाचा जांभळा प्रचारात होता. म्हणून आजोबांच्या पेटीत, जुन्या बाजारात किंवा एखाद्या चित्रकाराच्या बंद पडलेल्या स्टुडिओत संकेतांक नसलेली कोबाल्ट व्हायोलेटची जुनी ट्यूब सापडली, तर ती कौतुकाने उघडू नये. तिचा अंश तोंडात, हातावर किंवा जेवणाच्या टेबलावर जाऊ देऊ नये. तशीच बंद पिशवीत घालून घातक कचरा स्वीकारणाऱ्यांकडे द्यावी.

आधुनिक कोबाल्टविषयीही थोडी दक्षता हवी. काहींना कोबाल्टची त्वचेवर ॲलर्जी उठते, आणि कोबाल्टयुक्त धूळ श्वासातून गेल्यास दमा होऊ शकतो हे त्या धंद्यातल्या कामगारांच्या अनुभवावरून माहीत आहे. ट्यूबमधल्या ओल्या रंगाने चित्र काढणाऱ्याला ही अडचण सहसा येत नाही.

गुणांच्या दृष्टीने हा रंग प्रकाशाला पूर्णपणे टिकतो, जलरंगात सुरेख दाणेदार बसतो, तैलरंगात लवकर वाळतो, आणि त्याची रंगशक्ती इतकी कमी असते की पाण्याने भरलेला ब्रश लागला की रंग कुठे गेला ते शोधावे लागते. किंमतही भारी असते. संध्याकाळच्या डोंगरांची सावली त्याच्याइतकी मऊ दुसऱ्या कशाने येत नाही, असे मात्र माझे मत आहे.

मँगनीज व्हायोलेट हा त्याचा स्वस्त पर्याय आहे का?

हो, आणि चांगला पर्याय आहे. पीव्ही १६ म्हणजे मँगनीज आणि अमोनियम यांचे पायरोफॉस्फेट; ते १८६८ मध्ये न्युरेम्बर्ग येथे लाइकाउफ याने तयार केले. ते प्रकाशाला टिकते, कोबाल्टपेक्षा किंचित गडद आणि लालसर असते, आणि सौंदर्यप्रसाधनांतही वापरले जाते. अल्कली म्हणजे चुन्यासारखा पदार्थ लागला की ते बिघडून तपकिरी होते, म्हणून चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर किंवा ताज्या सिमेंटवर ते वापरू नये. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षे श्वासातून गेल्यास मज्जासंस्थेला इजा होते हे खाणकामगार आणि वेल्डर यांच्याबाबतीत दिसून आले आहे, तेव्हा कोरडी भुकटी खलताना मुखपट्टी आवश्यक समजावी.

अल्ट्रामरीन जांभळा आणि अल्ट्रामरीन गुलाबी कशापासून होतात?

कपड्यांना देण्याची जुनी पुडीतली नीळ म्हणजे कृत्रिम अल्ट्रामरीन निळा. तोच निळा नवसागराबरोबर तापवला की पीव्ही १५ हा जांभळा तयार होतो, आणि प्रक्रिया आणखी पुढे नेली की पीआर २५९ हा फिका गुलाबी मिळतो. या कुळाचा रंग त्याच्या स्फटिकाच्या पिंजऱ्यात अडकलेल्या गंधकाच्या अणुसमूहांमुळे येतो. प्रकाशाला ते टिकतात, दाणेदार पोत देतात, विषारी नाहीत, आणि साबण व प्रसाधनांतही चालतात.

त्यांचा शत्रू आम्ल आहे. निळीच्या पुडीवर लिंबू पिळले तर रंग उडतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू असतो. त्यामुळे या रंगांच्या जवळ आम्ल असलेली स्वच्छतेची द्रावणे वापरू नयेत आणि आम्लयुक्त स्वस्त कागदावर ते लावू नयेत. रंगशक्ती कमी असल्यामुळे प्रबळ रंगांच्या मिश्रणात ते हरवतात.

ॲलिझरिन क्रिमझन आणि मंजिष्ठ एकच का?

नातेवाईक आहेत, एक नाहीत. युरोपातल्या मंजिष्ठेच्या मुळांत ॲलिझरिन हा मुख्य रंजक असतो. आपली मंजिष्ठ ही त्याच कुळातली दुसरी जात असून तिच्यात पर्प्युरिन आणि मंजिष्टिन यांचे प्रमाण अधिक असते, आणि या दुसऱ्या पदार्थाचे नावच आपल्या शब्दावरून पडले आहे. १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनतज्ज्ञांनी ॲलिझरिन कृत्रिमरीत्या बनवले. वनस्पतीतला रंजक प्रयोगशाळेत तयार होण्याचे हे पहिले उदाहरण होते, आणि त्यानंतर काही वर्षांतच मंजिष्ठेची शेती बसली.

पीआर ८३ हा संकेतांक असलेला ॲलिझरिन क्रिमझन अजूनही विकला जातो आणि अजूनही उडतो. अमेरिकेच्या एएसटीएम संस्थेच्या मानांकनात प्रकाशस्थैर्याचे पहिले दोन वर्ग चित्रकाराच्या कामाला योग्य मानले जातात. हा रंग तिसऱ्या किंवा त्याखालच्या वर्गात येतो. पीव्ही १९ उपलब्ध असताना तो घेण्याचे कारण मला दिसत नाही. ‘पर्मनंट ॲलिझरिन’ नावाच्या ट्यूबा बहुधा क्विनॅक्रिडोन किंवा पेरिलीन या रंगद्रव्यांच्या दुसऱ्या टिकाऊ गटापासून बनवलेल्या असतात, आणि त्या चालतील.

हे रंग विषारी आहेत का, एका वाक्यात सांगा.

बंधकात मिसळलेला ओला रंग, ब्रशने, न खाता वापरला तर आज विकल्या जाणाऱ्या बहुतेक जांभळ्या-गुलाबी रंगांचा धोका अल्प आहे.

धोका वाढतो तो तीन मार्गांनी : कोरड्या भुकटीची धूळ, फवारणी आणि तोंड. भुकटी खलून स्वतः रंग बनवणे, वाळलेला रंग पॉलिश कागदाने घासणे, सॉफ्ट पेस्टलची पूड फुंकर मारून उडवणे या सर्व कामांत कण थेट फुप्फुसात जातात. पूड फुंकरू नये, ओल्या फडक्याने टिपावी. भुकटी हाताळताना एन ९५ दर्जाची मुखपट्टी बांधावी आणि पंखा बंद ठेवावा. फवारणीसाठी साधी कापडी पट्टी उपयोगाची नाही.

तोंडाचा मार्ग आपल्याकडे अधिक दुर्लक्षित आहे. जलरंगाचा ब्रश ओठांत धरून टोकदार करण्याची सवय कित्येक जुन्या शिक्षकांना होती आणि ती विद्यार्थ्यांतही उतरली. ती सोडून द्यावी. चहाचा कप आणि ब्रश धुण्याचा कप एकाच टेबलावर ठेवू नयेत. चुकून कोणत्या कपात काय बुडते हे काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तैलरंगात तर रंगद्रव्यापेक्षा टर्पेंटाइनची वाफच अधिक त्रासदायक असते, पण लोक काळजी रंगाची करतात आणि बाटली उघडी ठेवतात.

पीव्ही २९ विषयी अमेरिकेत इशारा दिला गेला होता, तो काय होता?

पीव्ही २९ हा पेरिलीन गटातला अत्यंत टिकाऊ, गडद, मनुक्यासारखा जांभळा आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने जानेवारी २०२१ मध्ये त्याचे जोखीम-मूल्यमापन प्रसिद्ध केले आणि तपासलेल्या १४ प्रकारच्या वापरांपैकी १० वापरांत अवाजवी जोखीम असल्याचे म्हटले. या निष्कर्षाचा रोख कामाच्या ठिकाणी अतिशय बारीक धूळ दीर्घकाळ श्वासातून जाण्यावर आहे, म्हणजे कारखान्यातल्या कामगारांवर. ट्यूबमधला रंग ब्रशने लावणाऱ्याची स्थिती वेगळी आहे. भुकटी विकत घेऊन खलणाऱ्याने मात्र ही गोष्ट गंभीरपणे घ्यावी.

ट्यूबवरच्या ‘एपी’ आणि ‘सीएल’ या खुणांचा अर्थ काय?

या अमेरिकी खुणा आहेत. ‘एपी’ असलेल्या रंगात, विषतज्ज्ञांच्या मते, सामान्य वापरात अपाय होईल इतका घातक पदार्थ नाही, आणि ‘सीएल’ असलेला रंग छापील सूचना वाचूनच वापरायचा असतो. दीर्घकालीन अपायांची सूचना छापण्याविषयीचे मानक एएसटीएम डी ४२३६ हे आहे आणि १९८८ च्या कायद्याने ते त्या देशात बंधनकारक झाले. ट्यूबमधल्या रंगाला मिळालेली खूण त्याच रंगद्रव्याच्या कोरड्या भुकटीला लागू होत नाही. आणि ‘विषारी नाही’ याचा अर्थ ‘उडत नाही’ असा होत नाही. इओसिनसारखा रंग निरुपद्रवी असूनही चित्राचा घात करतो.

गुलाल किंवा रंगपंचमीचे रंग चित्रासाठी वापरता येतील का?

वापरू नयेत. त्यांत पिठूळ भुकटीवर चढवलेला विरघळणारा रंजक असतो. तो पाण्यात पसरतो, कागदाच्या पाठीमागे उमटतो आणि थोड्याच काळात उडतो. भडक गुलाबी छटेसाठी ऱ्होडामिन बी हा रंजक स्वस्तात मिळतो, पण तो अन्नात वापरायला परवानगी नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये तामिळनाडूने ज्या ‘म्हातारीच्या केसां’वर बंदी घातली, त्यांत हाच रंजक सापडला होता. लहान मुलांना हाताने रंगवायला द्यायचे रंग मुलांसाठी म्हणूनच बनवलेले असावेत. मोठ्यांच्या ट्यूबा, त्या कितीही महाग असल्या, तरी त्या कामाच्या नाहीत.

लाल आणि निळा मिसळूनही जांभळा मळकट का येतो?

कारण बहुतेक पेट्यांतला लाल हा पिवळ्याकडे झुकलेला असतो. जांभळा दिसण्यासाठी मिश्रणाने हिरवा प्रकाश गिळायला हवा आणि निळा व लाल दोन्ही परत पाठवायला हवेत. कॅडमियम लाल किंवा शेंदरी छटेचा लाल निळा प्रकाशही गिळतो, म्हणून अल्ट्रामरीनबरोबर त्याचा रंग भाजलेल्या वांग्यासारखा होतो. पीआर १२२ किंवा पीव्ही १९ चा गुलाबी घेऊन त्यात अल्ट्रामरीन निळा (पीबी २९; ‘पीबी’ म्हणजे निळे रंगद्रव्य) मिसळला तर स्वच्छ जांभळा मिळतो. थॅलो निळा (पीबी १५) घेतला तर आणखी खोल. अशा मिश्रणाचा एक लाभ असा की दोन्ही घटक टिकाऊ असल्यामुळे तयार होणारा जांभळाही टिकतो, आणि पीव्ही २३ ची काळजी उरत नाही.

घरच्या घरी टिकाऊपणाची चाचणी कशी घ्यावी?

जलरंगाच्या चांगल्या कागदाच्या पट्टीवर प्रत्येक रंगाचा गडद ते अगदी पातळ असा उतरता पट्टा काढावा. तो वाळला की पट्टी उभी कापून तिचे दोन भाग करावेत. एक भाग बंद वहीत ठेवावा आणि दुसरा उन्हात. महाराष्ट्रात उन्हाळ्यात सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीत त्या दिवसांत फारसे ऊन येत नाही. पश्चिमेची खिडकी किंवा काचेखाली झाकलेली गच्चीतली जागा अधिक बरी. मार्चच्या सुरुवातीला ठेवून पावसाच्या आधी काढून घ्यावे, नाहीतर ओल आणि बुरशी यांमुळे निकालाचा अर्थ लावता येत नाही. दोन्ही भाग शेजारी ठेवून पाहावेत आणि नजर पातळ टोकाकडे ठेवावी, कारण सत्य तिथे दिसते. प्रत्येक पट्ट्यावर संकेतांक, उत्पादकाचे नाव आणि तारीख पेन्सिलीने लिहावी; शाईने लिहिल्यास चाचणी संपेपर्यंत शाईच उडालेली असते.

अतिनील किरण अडवणारी काच लावली तर रंग वाचतील का?

उडण्याचा वेग कमी होईल, थांबणार नाही. दृश्य प्रकाशही नाजूक रंजकांना उडवतो. चित्र समोरच्या उन्हापासून दूर ठेवणे हा काचेपेक्षा स्वस्त आणि अधिक प्रभावी उपाय आहे.

रंगाचे पाणी बेसिनमध्ये ओतावे का?

कोबाल्ट किंवा मँगनीज असलेल्या रंगांचे पाणी ओतू नये. ते बरणीत एक-दोन दिवस स्थिर ठेवले की गाळ तळाशी बसतो. वरचे निवळ पाणी काढून टाकावे आणि गाळ जुन्या कागदावर वाळवून, पुडी बांधून, वेगळा द्यावा. ब्रश आधी कागदाने पुसून मग धुतला तर हा गाळच निम्म्याने कमी होतो. गणेशमूर्ती रंगवणाऱ्यांना हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर पडतो, कारण तिथे अख्खा रंगच पाण्यात जातो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मे २०२० च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत मूर्तींसाठी विषारी रंगांऐवजी नैसर्गिक आणि निर्विष रंग वापरण्यास सांगितले आहे. शाडूच्या मूर्तीला गुलाबी सोवळे रंगवण्यासाठी झगझगीत रंगाचा मोह होतो, पण गेरू आणि पांढरी माती मिसळून येणारी मंद गुलाबी छटाही वाईट दिसत नाही.

नवशिक्याने एकूण कोणत्या ट्यूबा घ्याव्यात?

पीव्ही १९ ची गुलाबी ट्यूब एक आणि अल्ट्रामरीन निळा एक. या दोहोंतून गुलाबी, राणी, जांभळा आणि त्यांच्या मधल्या सर्व छटा निघतात. सहा महिन्यांनी हात बसला की मँगनीज व्हायोलेट घ्यावा. कोबाल्ट व्हायोलेट स्वतःच्या पैशांनी घेऊ नये, वाढदिवसाला कोणी विचारले तर मागून घ्यावा.